नावाडी नेमका कधी मेला

नावाडी आधी मेला की नंतर, या प्रश्नावरून केटरिंग गावातली आणि इंग्लंडातल्या आणखी काही गावांतली शहाणी माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली होती. शहाणी म्हणजे निवृत्त. निवृत्तीनंतर माणसाला गुलाब लावता येतात, नातवंडं खेळवता येतात, किंवा आपण सतरा वर्षांचे असताना निघालेल्या एका अल्बमबद्दल लोकांना शहाणपण शिकवता येतं. क्लाइव्ह पिक्स्टनला गुलाबांची ॲलर्जी होती आणि नातवंडं ऑस्ट्रेलियात होती.

अल्बमचं नाव 'नावाड्याचं गणित'. बँडचं नाव लँटर्न पॅरिश. पाच जण, पाच दाढ्या आणि एक मेलोट्रॉन, जो हवा दमट झाली की बेसूर व्हायचा, म्हणजे इंग्लंडात रोज. त्यांच्या संगीताला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणत. प्रोग्रेसिव्ह म्हणजे पुढे जाणारं. पण या मंडळींना पुढे जायची घाई अशी कधी नव्हतीच. गाणं सुरू असताना उठावं, चहा करावा, प्यावा, कप विसळून ठेवावा आणि परत यावं, तर ऑर्गन त्याच जागी घुटमळत असायचा.

या अल्बममध्ये दोन रेकॉर्डी, चार बाजू आणि एकच गोष्ट होती. ऑस्विन नावाचा नावाडी रोज माणसं मोजून नदीपार नेतो. एक दिवस मोजणीत एक माणूस कमी भरतो आणि नावाडी त्याला शोधायला निघतो. पुढे घड्याळांचं शहर लागतं, वाम माशांचा दरबार लागतो, आणि एका बाजूच्या शेवटी त्याच्या होडीतला दिवा विझतो आणि तो बुडून मरतो. कुठल्या बाजूच्या, हाच तर सगळा तंटा. कारण दाढीवाल्यांनी रेकॉर्डीवर एक, दोन, तीन, चार असे आकडे छापलेच नाहीत. आकडे वाण्यांसाठी असतात. त्यांनी चित्रं छापली: वल्हं, घड्याळ, वाम आणि दिवा.

इंग्लंडात निघालेल्या रेकॉर्डीत वल्ह्याच्या पाठीला घड्याळ होतं आणि वामेच्या पाठीला दिवा. म्हणजे दिवा शेवटी, नावाडी शेवटी मेला, मंडळी घरी गेली. पण क्लाइव्हकडे अमेरिकेत निघालेली प्रत होती. तरुणपणी नॉर्दम्प्टनच्या बाजारात ती त्याला मिळाली, त्या दिवसापासून त्याने मान जी ताठ केली ती डॉक्टरांनी पट्टा दिला तरी वाकवली नाही. त्या प्रतीत वल्ह्याच्या पाठीला दिवा होता. पहिली रेकॉर्ड उलटली की नावाडी मेलाच. मग दुसरी रेकॉर्ड अख्खी, घड्याळांचं शहर आणि वामांचा दरबार, मेल्यानंतरची.

यावरून क्लाइव्हने सिद्धांत काढला. खरा क्रम अमेरिकेतलाच. नायकाला मध्यावर मारायला इंग्लंडातली कंपनी घाबरली आणि तिने बाजू फिरवल्या. पुढे सीडीवाल्यांनी आणि मोबाइलवाल्यांनी त्याच खोटेपणाची री ओढली. क्लाइव्हने यावर एक पुस्तिका छापली, तिला अनुयायी मिळाले आणि बघता बघता दोन पंथ झाले, आधीमेले आणि नंतरमेले. वर्षातून एकदा एका पबच्या वरच्या खोलीत त्यांचं संमेलन भरे. दोन्ही पंथांची टेबलं वेगळी असत आणि चटणीची बाटली मागायची तर वेटरमार्फत मागत. हा क्रम चुकीचा आहे असं कोणी दाखवून दिलं असतं, तर क्लाइव्ह पिक्स्टन म्हणजे नगरपालिकेच्या गटार खात्यातून निवृत्त झालेला एक गृहस्थ, एवढंच उरलं असतं. हे बाकी कोणाला नसेल, पण त्याला पक्कं माहीत होतं.

गेली काही वर्षं तो आणि डग मोल्ड दर गुरुवारी दुपारी पॉडकास्ट करत. नाव होतं 'वल्हं आणि दिवा'. नावातच निकाल लावून टाकलाय म्हणून डगने कुरकुर केली होती, पण माइक क्लाइव्हचा होता. डग नंतरमेला. आयुष्यभर त्याने लोकांना गाडी शिकवली होती. शेजारी बसलेला माणूस चुकणारच हे धरून चालायची आणि आपल्या बाजूच्या ब्रेकवर पाय ठेवून गप्प बसायची त्याला सवय होती. क्लाइव्ह बोले आणि डग मध्येमध्ये ब्रेक लावी. ऐकणारे साठ-सत्तर जण होते. गाणी वाजवायला कंपनीची परवानगी नव्हती, त्यामुळे या संगीताच्या कार्यक्रमात संगीत सोडून सगळं असे.

मागच्या मार्चमध्ये डगची बायको ब्रेंडा गेली. अंत्यविधी मंगळवारी झाला आणि गुरुवारी डग नेहमीच्या वेळी दारात उभा होता. गाडी रस्त्याच्या कडेला अशी लावलेली की पट्टी ठेवून मोजावी.

"अरे, या आठवड्यात नको करू या," क्लाइव्ह म्हणाला.

"का? तुला काही काम आहे?"

क्लाइव्हला काही काम नव्हतं. मग दोघांनी तासभर दुसऱ्या अल्बममधल्या ढोलांच्या आवाजावर चर्चा केली. जाताना डगला काहीतरी बोलावं असं क्लाइव्हला फार वाटत होतं. त्याने तोंड उघडलं आणि म्हणाला, "ते ढोल बाथरूममध्ये रेकॉर्ड केले होते म्हणतात." डगने मान हलवली आणि तो गेला. त्या वाक्याची क्लाइव्हला आजही लाज वाटे.

तर 'नावाड्याचं गणित'ला पन्नास वर्षं झाली, आणि क्लाइव्हने घोषणा केली की येत्या गुरुवारी थेट प्रक्षेपण होईल. अमेरिकेतली प्रत पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजेल. कंपनीची अडचण नको म्हणून प्रत्येकाने आपापल्या घरी आपापली प्रत त्याच क्षणी लावायची, आणि दोघे वरून बोलतील. म्हणजे तुमच्या घरी तुमचं संगीत आणि आमची बडबड. हे ऐकून पॉलीन, म्हणजे क्लाइव्हची बायको, म्हणाली, "यात त्यांचा फायदा काय?"  पॉलीनच्या प्रश्नांना उत्तरं नसतात हे क्लाइव्हने लग्नाच्या पहिल्या वर्षीच ओळखलं होतं.

बुधवारी क्लाइव्हचा रेकॉर्ड प्लेअर बंद पडला. दुकानदार म्हणाला, भाग यायला पंधरवडा लागेल. क्लाइव्हच्या तोंडचं पाणी पळालं.

"आईचा रेडिओग्राम आहे की," पॉलीन म्हणाली.

पॉलीनच्या आईचा रेडिओग्राम, म्हणजे एकाच लाकडी पेटीतला रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर, दिवाणखान्यात कपाट म्हणून उभा होता. त्यावर कुंड्या होत्या आणि आत नाताळचे दिवे. क्लाइव्हने आजवर त्याच्याकडे संगीताची वस्तू म्हणून पाहिलं नव्हतं. त्यावर सासूबाई जुनी प्रेमगीतं ऐकत. पण अडला हरी. गुरुवारी सकाळी पॉलीनने कुंड्या उतरवल्या, सुई पुसली आणि म्हणाली, "तू जा, आंघोळ कर. मी लावून बघते."

क्लाइव्ह टबात होता. खालून वल्ह्याची बाजू ऐकू येत होती. पाण्याचा आवाज, ऑर्गन, मग सात मात्रांतला तो लांबलचक तुकडा, ज्यात डोकं हलवायला गेलं की मान लचकते. आवाज चक्क बरा होता. बाजू संपली. आता पॉलीन रेकॉर्ड उलटेल, दिव्याची बाजू लागेल, म्हणून तो डोळे मिटून थांबला. खाली काहीतरी खट् झालं आणि शंभर घड्याळं टिकटिकायला लागली.

"पॉलीन," तो ओरडला, "चुकीची लावलीस."

"मी काही लावलंच नाही," खालून आवाज आला. "मी इस्त्री करतेय."

तो अंगाला टॉवेल गुंडाळून जिना उतरला. पॉलीन खरोखरच इस्त्री करत होती. रेडिओग्रामच्या तबकावर त्याच्या दोन्ही रेकॉर्डी एकीवर एक पडल्या होत्या, उघड्या, एकमेकींना घासत. एरवी हे पाहून त्याने डॉक्टरला बोलावलं असतं, पण आज घासण्याकडे त्याचं लक्षच गेलं नाही.

"हे काय केलंस?"

"काय केलं? आई करायची तसं केलं. मधल्या दांड्यावर दोन्ही चढवायच्या. खालची वाजून झाली की वरची आपोआप पडते. मग सगळा गठ्ठा एकदम उलटून परत चढवायचा. दर वीस मिनिटांनी कोण उठणार?" तिने शर्टाची कॉलर दाबली. "अमेरिकेत तर सगळ्यांकडे असलीच यंत्रं होती, मावशी सांगायची. तिथे उठायची पद्धत नाही."

घड्याळांची बाजू संपली. पॉलीनने गठ्ठा उलटून दांड्यावर चढवला आणि पुन्हा इस्त्रीकडे वळली. पहिल्यांदा वाम लागली. मग खट्, आणि सगळ्यांत शेवटी दिवा. वल्हं, घड्याळ, वाम, दिवा. क्लाइव्ह टॉवेलातच खुर्चीवर बसला. कुणी घाबरलं नव्हतं, कुणी कट केला नव्हता. अमेरिकेतल्या कंपनीने आळशी गिऱ्हाइकांसाठी बाजूंच्या जोड्या यंत्राच्या सोयीने लावल्या होत्या, आणि क्लाइव्ह पिक्स्टनने ती सोय म्हणजे वेद समजून पन्नास वर्षं एकेक रेकॉर्ड हाताने उलटली होती.

मग त्याला ओहायोचं पत्र आठवलं. मागे तिथल्या एका म्हाताऱ्याने लिहिलं होतं, 'साहेब, ही तुम्ही कसल्या यंत्रावर वाजवता ते आधी सांगा.' क्लाइव्हला तो आपल्या सुईचा अपमान वाटला होता. त्याने कार्यक्रमात ते पत्र वाचून दाखवलं आणि पुढचा सगळा वेळ आपल्या सुईच्या गुणांवर बोलला. डग समोर बसला होता. त्याने ब्र काढला नव्हता.

"काय झालं?" पॉलीनने विचारलं. "पांढरा पडलास."

"नावाडी शेवटी मेला."

"बरं मग? मेला ना एकदाचा?"

त्याने तिला सगळं सांगितलं. तिने इस्त्री बंद केली, जे ती सहसा करत नसे. "डगला सांगशील?"

"सांगायची काय गरज? एकेक लावू हाताने, नेहमीसारखी."

"तुझी मर्जी," पॉलीन म्हणाली आणि तिने कुंड्या दुसरीकडे नेऊन ठेवल्या. तिच्या 'तुझी मर्जी'चा अर्थ काय, हे क्लाइव्हला लग्नाच्या दुसऱ्या वर्षी कळलं होतं.

दुपारी डग आला. त्याने रेडिओग्राम पाहिला, मधला दांडा पाहिला, मग क्लाइव्हकडे पाहिलं आणि म्हणाला, "छान लाकूड आहे." क्लाइव्ह घाईने दांड्यासमोर येऊन उभा राहिला. माइक टेबलावर ठेवला, कस्टर्ड क्रीम बिस्किटं ठेवली, ती खाताना आवाज होतो म्हणून कोणी खायची नाहीत हे ठरलं, आणि प्रक्षेपण सुरू झालं. लॅपटॉपवर लोकांचे संदेश यायला लागले. हल गावचा एक नंतरमेला लिहीत होता की आज तरी सत्याला संधी द्या. स्वान्सीच्या आधीमेल्याने त्याला उत्तर दिलं, जे इथे देण्यासारखं नाही.

"मंडळी," क्लाइव्ह म्हणाला, "आपापल्या प्रती तयार ठेवा. मी इशारा देतो तेव्हा—"

"थांब जरा," डग म्हणाला. "सुरू करायच्या आधी मला एक सांगायचंय."

क्लाइव्हला वाटलं, झालं. आता हा दांड्याबद्दल बोलणार.

"मी पक्ष बदलतोय," डग माइकला म्हणाला. "आजपासून मी आधीमेला. क्लाइव्हचा क्रम बरोबर आहे. एवढंच."

लॅपटॉपवर संदेशांचा पाऊस पडला. हलच्या माणसाने डगला गद्दार म्हटलं. स्वान्सीचा माणूस रडत होता, असं त्याने स्वतःच लिहिलं. क्लाइव्हने या क्षणाची वर्षानुवर्षं वाट पाहिली होती. आंघोळ करताना, गटारांची पाहणी करताना, दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडं असताना त्याने मनात या क्षणाची भाषणं रचली होती. आज क्षण ताटात वाढून आला होता आणि घास घशाखाली उतरत नव्हता.

"धन्यवाद," तो म्हणाला. "तर मंडळी, लावा."

वल्ह्याची बाजू सुरू झाली. क्लाइव्ह बोलत होता, पण काय बोलत होता हे त्याला कळत नव्हतं. नंतर ज्यांनी ते पुन्हा ऐकलं, ते म्हणाले की सात मात्रांच्या तुकड्यात त्याने मात्रा आठ मोजल्या. समोर डग हाताची घडी घालून बसला होता. ब्रेंडा गेल्यापासून त्याच्या शर्टाला इस्त्री नसे. आज होती. पक्ष बदलायला माणूस इस्त्री करून आला होता. ती इस्त्री बघून क्लाइव्हला राहवेना. हलच्या माणसाला फसवणं वेगळं, त्यात एक प्रकारचं समाधानच होतं. याला कसं फसवायचं?

बाजू संपली. सुई मधल्या गोलाभोवती खरखरत राहिली. लोक आपापल्या घरी रेकॉर्डी उलटायला उठले असतील.

"डग," क्लाइव्ह म्हणाला, "माझा क्रम चुकीचा आहे."

डगने हाताची घडी सोडली.

"अमेरिकेतली प्रत या असल्या यंत्रासाठी होती. दोन्ही रेकॉर्डी एकदम चढवायच्या. सकाळी पॉलीनने चढवल्या. वल्हं, घड्याळ, वाम, दिवा. तुझं बरोबर होतं. पहिल्यापासून. मीच गाढव."

माइक चालू आहे हे त्याला आठवलं, पण आता उशीर झाला होता. लॅपटॉपवर हलच्या माणसाने एकामागून एक फक्त विजयाच्या खुणा पाठवल्या. स्वान्सीच्या माणसाने लिहिलं, 'क्लाइव्हवर कोणाचा तरी दबाव आहे, त्याचा आवाज ऐका.' आणखी चौघांनी त्याला दुजोरा दिला. पंथ काढणं सोपं, मोडणं काढणाऱ्याच्याही हातात नसतं.

"माहीत आहे मला," डग म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"यंत्राचं. ओहायोवाल्याचं पत्र आलं ना, त्याच दिवशी कळलं. आमच्याही घरी होता असला रेडिओग्राम."

"मग बोलला का नाहीस, लेका?"

"बोलून काय करायचं? वाद मिटला असता. मग गुरुवारी आपण काय बोललो असतो? गटारांबद्दल?"

स्वयंपाकघराच्या दारात पॉलीन चहाचा ट्रे घेऊन उभी होती. ती पुढे आली नाही.

"मग आज हे पक्ष बदलायचं नाटक कशाला? माझी कीव आली म्हणून?"

"कीव?" डग म्हणाला. "तुझी? छे." त्याने एक बिस्किट उचललं, मग आवाज होईल म्हणून परत ठेवलं. "ब्रेंडा गेल्यावर महिनाभराने असेल. घरात बसवत नव्हतं. टीव्ही लावायचा, अर्ध्यात बंद करायचा. पुस्तक घ्यायचं, ठेवायचं. म्हटलं, चल, क्लाइव्हच्या क्रमाने ऐकू या, चुका काढायला उपयोगी पडेल. वल्हं लावलं, मग दिवा लावला. नावाडी मेला. मी सवयीने उठलो, सुई उचलायला. माझ्या प्रतीत तिथे संपतं ना." तो थांबला. "तर दोन बाजू शिल्लक होत्या."

क्लाइव्हने खुर्ची पुढे ओढली.

"मेलाय, आणि पुढे आख्खं घड्याळांचं शहर. वामांचा तो मूर्ख दरबार. सगळं चाललंय आपलं. शेवटी तो न्यायाधीश विचारतो, 'पुढचा कोण?', आणि संपतं, काही निकाल न लागता. मी शेवटपर्यंत बसलो. ती गेल्यापासून शेवटपर्यंत ऐकलेली पहिली गोष्ट ती. मला वाटलं, तिच्याही दोन बाजू असतील कुठेतरी. नाहीतर माझ्या असतील. नक्की कोणाच्या ते गणित मी मांडलं नाही."

 लॅपटॉपवर काही येत नव्हतं. हलचा माणूससुद्धा गप्प झाला होता, आणि ते याआधी कधी घडलं नव्हतं. ढोल बाथरूममध्ये रेकॉर्ड केले होते, हे वाक्य क्लाइव्हच्या जिभेवर पुन्हा आलं. या वेळी त्याने ते गिळलं.

"मला तिची फार आठवण येते, डग," तो म्हणाला. "मी त्या दिवशी हे बोलायला हवं होतं."

"हो, हवं होतं," डग म्हणाला. त्याने खिशातून रुमाल काढला, नाक शिंकरलं, नीट चौकोनी घडी करून रुमाल परत ठेवला. "सुई झिजतेय. दुसरी बाजू लाव."

क्लाइव्ह उठला. रेडिओग्रामपाशी जाऊन त्याने सुई उचलली. वल्ह्याची रेकॉर्ड तबकावर होती, घड्याळाची शेजारी पाकिटात.

"पण क्रम चुकीचाच आहे," तो म्हणाला.

"चुकीचाच आहे. तू जन्मभर चुकतच आलायस. लाव."

"दुसरी म्हणजे कुठली?"

"तुझी," डग म्हणाला.

क्लाइव्हने तबकावरची रेकॉर्ड उलटली आणि दिव्याची बाजू वर केली.